बीएस्सी झालेली मुलगी मोखाड्याला शिकवायला जाते म्हणते

प्रश्न : आम्ही वसईचे. मुलगी यंदा रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली. चर्चमधल्या सिस्टरांच्या ओळखीने तिला मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर, मिशनच्या बोर्डिंगमधल्या प्राथमिकच्या मुलांना वर्षभर शिकवायला जायचं आहे. राहणं-जेवण त्यांच्याकडे, पगार नाही. तिचे वडील म्हणतात, आधी बी.एड. कर नाहीतर नोकरी धर. तिला शिक्षिकाच व्हायचं आहे. वर्ष वाया तर जाणार नाही ना? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई,

पाठवा. मात्र जूनपासून एप्रिलपर्यंत, अख्ख्या शालेय वर्षासाठी. 'दोन-तीन महिने बघते, नाही जमलं तर परत येते' असा तिचा विचार असेल, तर जाऊ देऊ नका. बोर्डिंगमधली पोरं आधीच आईबापांपासून लांब असतात. नवी ताई आली की लळा लागतो, आणि ती दिवाळीला गेली ती आलीच नाही, तर शिकवलेल्यापेक्षा तेच जास्त लक्षात राहतं.

शिवाय पहिले दोन महिने ती फारसं शिकवू शकणार नाही, स्वतःच शिकेल. तिथल्या मुलांच्या घरात वारली, कोकणा, कातकरी अशा बोली असतात. पुस्तकातली मराठी त्यांना आपल्याला वाटते तेवढी जवळची नसते. आठ वर्षांचं मूल गप्प बसलं की नवखी शिक्षिका 'याला येत नाही' असं ठरवून टाकते. पुष्कळदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो. तिची रसायनं तिथे कामाची नाहीत. कामाची आहे ती हातच्याची वजाबाकी, चिंचोके मोजून केलेले दशक, आणि चौथीतल्या मुलाला पहिलीचं वाचन त्याला न लाजवता शिकवण्याची हातोटी. इयत्तेप्रमाणे न बसवता, ज्याला जे येतं तिथून सुरू करायचं, एवढं एक सूत्र तिने सोबत न्यावं.

जायच्या आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी तिला वाचायला द्या. बोर्डीला 1945 साली सुरू झालेलं आणि पुढे कोसबाडला नेलेलं ते काम तुमच्याच पालघर जिल्ह्यातलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरली. या बायका दयेपोटी गेल्या नव्हत्या, मूल कसं शिकतं याचा अभ्यास करून गेल्या होत्या. स्वयंसेवकांत हे क्वचित दिसतं. उत्साह भरपूर असतो, वही-पेन्सिल घेऊन निरीक्षण लिहिणारा एखादाच.

मोखाडा-जव्हारकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जगायला जातात. त्यात तुमच्या वसई-भिवंडीच्या भट्ट्याही आल्या. मूल बरोबर गेलं की शाळा सुटते. बोर्डिंगचा खरा उपयोग तेव्हा कळतो. तिला आधी अंदाज घ्यायचा असेल, तर घराजवळच्या भट्टीवरच्या मुलांबरोबर महिनाभर रोज संध्याकाळी बसावं. तिथे कंटाळली तर मोखाड्यातही कंटाळेल.

आता वडिलांचा मुद्दा. तो चुकीचा नाही. या वर्षाचं प्रमाणपत्र सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या भरतीत पात्रता म्हणून चालत नाही. तिथे व्यावसायिक पदवी किंवा पदविका आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. बी.एड. सहावीपासून पुढे उपयोगी. म्हणजे तिला लहान मुलांत रमायचं आहे की हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचं आहे, यावर पुढची दोन वर्षं कुठे घालवायची ते ठरतं. वर्गात उभं न राहता हे ठरवणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहते, आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या बाजूला जातात. मला या वर्षाचा सगळ्यात मोठा फायदा हाच दिसतो. घरी पैशाची ओढ असेल, तर मानधन देणारे मार्गही आहेत. एसबीआय यूथ फॉर इंडिया ही तेरा महिन्यांची फेलोशिप खेड्यात असते. टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची असते, पण तिच्या शाळा शहरातल्या.

तुम्ही पत्रात टाळलेला विषय मी काढते. ख्रिस्ती मुलगी, मिशनचं बोर्डिंग, आदिवासी मुलं. गावात कोणीतरी धर्मांतराचं विचारणारच. संविधानाचं कलम 28 सांगतं, की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा प्रार्थनेत सामील व्हायला लावता येत नाही. तिने वर्गात गणित आणि भाषा एवढंच शिकवावं, उपासना स्वतःपुरती ठेवावी. हे गावाच्या भीतीने नको, मुलांकडे बघून करावं. जेवण-राहणं ज्यांच्या हातात, त्यांना लहान मूल 'नाही' म्हणू शकत नाही. सिंथिया फेरार 1827 साली अमेरिकेतून मुंबईला आल्या, नगरला मुलींना शिकवलं आणि 1862 साली तिथेच वारल्या. त्या धर्मप्रसारक होत्या, हे लपवायचं कारण नाही. पण त्यांची शाळा बघून जोतीराव फुल्यांनी जे उचललं ते मुलींचं शिक्षण, धर्म नव्हे.

सिस्टरांकडून काही गोष्टी लेखी घ्या. रात्री मुलींच्या बाजूला जबाबदार बाई कोण असते? सुट्टी किती? भर पावसात कोणी आजारी पडलं, तर जव्हारच्या कुटीर रुग्णालयापर्यंत गाडी कोणाची? मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लिहिलेले आहेत का, आणि तक्रार कुठे करायची? या शेवटच्या प्रश्नाला 'आमच्याकडे तसं काही होत नाही' असं उत्तर आलं, तर ती जागा सोडा, दुसरी बघा. एप्रिलमध्ये मोखाड्यात पाण्याचे टँकर येतात, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.

बी.एड.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास असते आणि अर्ज त्याआधी निघतात. पाड्यावर रेंज मिळेलच असं नाही. नाताळला ती घरी येईल तेव्हा कागदपत्रं काढून ठेवा आणि संकेतस्थळावर लक्ष ठेवायचं काम तिच्या वडिलांकडे द्या.