मी थेरपिस्ट नाही, मग गटात कुणी रडलं तर?

अप्लाइड थिएटरचा, म्हणजे रंगमंचाबाहेर लोकांच्या गटांबरोबर नाटकाच्या साधनांनी काम करण्याचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम करणारे, आणि करावा की नाही या विचारात असलेले, एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: ‘लोकांच्या दुखऱ्या आयुष्याशी काम करायचं, आणि आपण ना डॉक्टर ना थेरपिस्ट. उद्या गटात कुणी कोसळलं तर?’ त्या प्रश्नाचा हा एक अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि जिचा अनुभव आहे तिची परवानगी घेतली आहे.

ती, आमची विद्यार्थिनी, आमच्याकडे आली तेव्हा तिचं दुसरं सत्र चालू होतं. त्याआधी सहा वर्षं नाटकांत अभिनय. प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून संस्थेत करायचं प्रत्यक्ष काम, मिळाली होती बायकांच्या एका निवारागृहात: दहा बैठका, प्रत्येक दीड तासाची, गटात बाराजणी, आणि शेवटी संस्थेला हवा असलेला अर्ध्या तासाचा प्रयोग. चौथ्या बैठकीत तिने मध्यभागी एक खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "जिला वाटेल तिने इथे बसून स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायचा. बाकीच्या तो करून दाखवतील." एक बाई येऊन बसल्या. तीन-चार मिनिटं बोलल्या, मग शब्द थांबले आणि हुंदका फुटला. दोघी उठून बाहेर गेल्या. एकीला हसू आवरेना. "आणि तू काय केलंस?" आम्ही विचारलं. "काहीच नाही, मॅडम. नुसती उभी राहिले." पाचव्या बैठकीला पाचच जणी आल्या. रडलेल्या बाई त्यांत नव्हत्या.

तिचा निर्णय जवळजवळ झालेला होता. कोर्स सोडायचा, आधी मानसशास्त्र शिकायचं, मग बघू.

अशा वेळी आम्ही भावनांकडे नंतर जातो, आधी घड्याळाकडे. तिला कोऱ्या कागदावर त्या बैठकीचा दर पाच मिनिटांचा हिशेब लिहायला सांगितला. पहिली दहा मिनिटं खेळ. पुढची पाच सूचना. पंधराव्या मिनिटाला खुर्ची. शेवटासाठी राखून ठेवलेला वेळ: शून्य. सोबत दुसरा फॅसिलिटेटर, म्हणजे बैठक चालवणारा, नाही. कुणाला त्रास झाला तर संस्थेतल्या कोणत्या कर्मचाऱ्याने यायचं, हे कुणाशीच ठरलेलं नाही. कागद पुरा झाल्यावर तीच म्हणाली की यात मानसशास्त्राची पदवी नसणं कुठेच आडवं आलं नाही. आराखडाच नव्हता.

ती खुर्ची आली कुठून? महिनाभर आधी तिने प्लेबॅक थिएटरचं प्रात्यक्षिक पाहिलं होतं. जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला हा प्रकार. प्रेक्षकांतला कुणी आपली हकीकत सांगतो आणि नट ती तिथल्या तिथे उभी करतात. बाहेरून फार सोपं दिसतं. पण त्यात सांगणाऱ्याच्या शेजारी कंडक्टर, म्हणजे सूत्रधार, बसलेला असतो, तो प्रश्न विचारून हकीकतीला कडा घालतो. करून दाखवणारे नट तालमीत तयार झालेले असतात, आणि शेवटचा शब्द पुन्हा सांगणाऱ्याकडे जातो. तिने यातली फक्त खुर्ची उचलली. सोबत कंडक्टर नाही, तयार नट नाहीत, आणि बघणाऱ्या अकराजणींच्या पोटात तीच दुखणी.

इथे एक फरक पक्का करायला हवा, कारण नवखे विद्यार्थी इथेच घसरतात. माणसाच्या स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग त्याच्याकडूनच करून घेणं हे सायकोड्रामाचं क्षेत्र. मानसोपचारतज्ज्ञ मोरेनो यांनी ते उपचार म्हणूनच उभं केलं. ड्रामाथेरपी, म्हणजे नाटकातून उपचार, हाही वेगळा पेशा आहे. ब्रिटनमध्ये तर नोंदणीशिवाय स्वतःला ड्रामाथेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. अप्लाइड थिएटरचं हत्यार दुसरं आहे, ते म्हणजे कल्पित गोष्ट. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरचा, म्हणजे प्रेक्षकच रंगमंचावर येऊन उपाय करून बघतात त्या प्रकाराचा, जन्म कसा झाला ते बघावं. १९७३ मध्ये पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत प्रेक्षक उपाय सुचवत आणि नट ते करून दाखवत. एका बाईला नटीने केलेलं काही केल्या पटेना, तेव्हा तिलाच रंगमंचावर बोलावलं गेलं. ती वर आली ती स्वतःची जखम घेऊन नव्हे, स्वतःचं मत घेऊन. गटातल्या माणसाला मत घेऊन उभं राहता येईल अशी जागा तयार करणं, हे या अभ्यासक्रमात शिकायचं मुख्य कौशल्य, असं आम्ही मानतो.

दुसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. बराच वेळ ती वहीचा कोपरा दुमडत राहिली, मग म्हणाली, "त्या रडायला लागल्या ना, तेव्हा क्षणभर मला वाटलं, जमलं." झोप उडाली होती ती या एका क्षणामुळे.

यात तिचा स्वभाव वाईट आहे असं काही नाही. सहा वर्षं तालमीत तिने हेच ऐकलं होतं की डोळ्यांत खरं पाणी आलं म्हणजे प्रवेश लागला. अभिनयाकडून या क्षेत्रात येणाऱ्या अनेकांच्या अंगात ही सवय मुरलेली असते, आणि ती नावानिशी ओळखल्याशिवाय सुटत नाही. नटाचं रडू तालमीतून आलेलं असतं, ते त्याने स्वतः निवडलेलं असतं आणि पडदा पडला की त्याला घरी जाता येतं. निवारागृहातल्या बाईंना त्याच इमारतीत, त्याच अकराजणींबरोबर रात्रीचं जेवायचं असतं. अश्रू दोन्हीकडे खरेच, पण गटकामात ते यशाचं माप धरता येत नाहीत. आम्ही तिला तो क्षण जसाच्या तसा रिफ्लेक्टिव्ह जर्नलमध्ये लिहायला सांगितला. तिला वाटत होतं गुण जातील. प्रत्यक्षात अशा वहीत परीक्षक शोधतात ते हेच: काय घडलं, तू ते कसं वाचलंस, आता कसं वाचतेस. बैठक फसली म्हणून कुणी नापास होत नाही. फसलेली बैठक झाकून गुळगुळीत अहवाल दिला, तर मात्र गुण जातात, आणि जायलाच हवेत.

मग उरलेल्या पाच बैठका. रडलेल्या बाईंना तिने स्वतः फोन करायचा नाही, हे आधी ठरलं. संस्थेच्या समाजसेविकेमार्फत निरोप गेला: यावंसं वाटलं तर जागा आहे, बोलायची सक्ती नाही. अभ्यासक्रमातला एक सहाध्यायी दुसरा फॅसिलिटेटर म्हणून सोबत आला, यायच्या आधी संस्थेची संमती घेतली. बैठकीचा आराखडा नव्याने बसला: दहा मिनिटं वर्तुळात येणं, पंधरा खेळ, पंधरा जोड्यांत काम, तीस मिनिटं मुख्य प्रसंग, आणि शेवटची वीस भूमिकेतून उतरण्यासाठी. ही वीस कशालाही द्यायची नाहीत, मुख्य काम कितीही रंगलेलं असो.

कुणी रडलं तर काय, याचंही आम्ही कागदावर ठरवून घेतलं. गप्प उभं राहायचं नाही, पण धावत जाऊन मिठीही मारायची नाही. ‘काय झालं, सांगा ना’ हे तर मुळीच नाही. सगळ्यांसमोर तो प्रश्न म्हणजे जखम आणखी उघडणं. सोबतच्या फॅसिलिटेटरने शेजारी बसून हळू आवाजात पर्याय द्यायचे: इथेच बसायचंय, समाजसेविकेबरोबर बाहेर जायचंय, की पाणी पिऊन परत यायचंय. तेवढ्यात दुसऱ्याने बाकीच्यांना जोड्यांत पाच मिनिटांचं साधं काम द्यायचं, म्हणजे सगळ्यांचे डोळे एकाच चेहऱ्यावर खिळत नाहीत. निघण्याआधी एकांतात एक विचारपूस. त्याच दिवशी नोंद, आणि नोंदीत फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, अर्थ लावलेलं नाही. चोवीस तासांत सुपरव्हायझरला, म्हणजे कामावर देखरेख ठेवणाऱ्या मार्गदर्शकाला, कळवायचं. आणि ‘हे आपल्यातच राहील’ असं वचन कधीच द्यायचं नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर सांगावंच लागेल, हे पहिल्याच बैठकीत बोलून ठेवायचं असतं. तिच्याकडून ते राहिलं होतं.

सहाव्या बैठकीची सुरुवात एका वाक्याने झाली: "मागे मी खुर्ची ठेवायला घाई केली, ती खुर्ची आता नाही." लांबलचक माफी नको, हे आम्ही मुद्दाम सांगितलं होतं. माफी लांबली की गटालाच फॅसिलिटेटरची समजूत काढावी लागते. मग तिने एक कापडी पिशवी पुढे ठेवली. आत एक किल्ली, एकेरी प्रवासाचं तिकीट, दांडी मोडलेला चष्मा, लहान मुलाचा एक मोजा. ती स्वतः भूमिकेत गेली, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवरची नवी कारकून म्हणून: "मी कालच कामाला लागले. ही पिशवी कुणाची असेल, परत कशी द्यायची, काही सुचत नाही. तुम्ही यातल्या जाणत्या, मला मदत कराल?" यामागे ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांची युक्ती आहे. शिक्षकाने भूमिकेत शिरून कमी जाणणारा व्हायचं आणि गटाला तज्ज्ञाच्या जागी बसवायचं. हीथकोट चौदाव्या वर्षी कापडगिरणीत कामाला लागल्या होत्या, पुढे न्यूकॅसलला विद्यापीठात शिकवू लागल्या. कागदावरच्या पात्रतेची धास्ती घेतलेल्या आमच्या विद्यार्थिनीला हे सांगावंसं वाटलं, सांगितलं.

जमिनीवर माणसाच्या उंचीचा ब्राऊन पेपर, त्यावर मार्करने बाईची आकृती. नियम दोन. आकृतीला या घरातल्या कुणाचंही नाव द्यायचं नाही. आणि लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते रेषेबाहेर, तिला स्वतःला काय वाटतं ते रेषेच्या आत. तिकीट हातात घेऊन एकजण म्हणाली, "परतीचं काढलंच नाही तिने." बाहेर लिहिलं गेलं: घर सोडून गेली. सातव्या बैठकीला नऊजणी होत्या, आणि रडलेल्या बाई मागे भिंतीशी. खूप वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग पुढे आल्या, मोजा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा धुतलेला आहे." कुणीही का, कसं, कुणाचा असं विचारलं नाही. विचारायचं नाहीच, हेच तर ठरलं होतं. त्यांनी मार्कर मागून घेतला आणि आकृतीच्या आत लिहिलं: मोजा धुतला. बैठक संपताना प्रत्येकीने हातातली वस्तू पिशवीत परत टाकली, स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं आणि इथून उठून आता काय करणार ते सांगितलं. भूमिका अंगावरून उतरवायची ही साधी रीत आहे, पण ती वगळली की रात्री त्रास होतो.

संस्थेशी प्रयोगावरून थोडी ताणाताणी झाली. देणगीदारांना दाखवायला अर्धा तास हवा होता. शेवटी बारा मिनिटांची खुली बैठक ठरली, गटानेच निवडलेले आठ पाहुणे, फोटो नाही. पिशवी कुठे पाठवायची, हा सल्ला पाहुण्यांकडून मागितला गेला. ब्राऊन पेपर कार्यालयात लावायची कल्पना गटाने मोडीत काढली.

तिने कोर्स सोडला नाही. पण थांबणं योग्य ठरतं अशीही वेळ असते. तुमचा स्वतःचा घाव ताजा असेल, दर बैठकीनंतर सहभागींच्या हकीकतीत तुम्हाला तुमचाच चेहरा दिसत असेल, तर प्लेसमेंट एक सत्र पुढे ढकलून घ्या. तो कुवतीचा प्रश्न नसतो. आणि या भीतीपोटी प्रवेश घेऊ की नको अशा अवस्थेत असाल, तर आधी विभागाला विचारा: प्लेसमेंटला एकटं पाठवता की जोडीने? सुपरव्हिजन किती दिवसांनी, आणि ती देणाऱ्याने स्वतः गटांत काम केलं आहे का? यजमान संस्थेशी लेखी करार असतो का, आणि त्यात त्रास झालेल्या सहभागीसाठी कोण येणार हे नाव घालून लिहिलेलं असतं का? गटाचा निरोप कसा घ्यायचा हे कोणत्या पेपरात शिकवता? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाचीही चौकशी करून ठेवा.