१३३ रुपये ५ आणे ४ पै

प्रश्न : जुनं घर रिकामं करताना आजोबांची जमाखर्चाची वही सापडली. त्यांचा धाकटा भाऊ इंग्लंडला शिकायला होता, त्याला हे पैसे पाठवायचे. मार्च १९४८ ला ‘पौंड १० – रु. १३३-५-४’ असं लिहिलंय आणि जानेवारी १९५० लाही तंतोतंत तेच, कमिशन खालच्या ओळीत वेगळं. आता घोळ असा की आमच्या फॅमिली ग्रुपवर दर ऑगस्टला मेसेज येतो की १९४७ ला देशावर कर्ज नव्हतं म्हणून एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, आणि १९४९ ला रुपयाचं अवमूल्यन झालं हेही कुठेतरी वाचलंय. मग वहीतला आकडा हलला कसा नाही? आजोबांनी मागचाच भाव उतरवून काढला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आजोबांनी काहीही उतरवून काढलेलं नाही, वही जपून ठेवा आणि मेसेज खुशाल डिलीट करा.

त्या काळी रुपया डॉलरला नाही, पौंडाला बांधलेला होता. १९२७ च्या कायद्याने १ रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, थोडक्यात १८ पेन्स, असा भाव पक्का झाला. जुन्या पौंडात २४० पेन्स, त्याला १८ ने भागलं की १३ आणि वर एक तृतीयांश येतो, आणि रुपयाचा तिसरा हिस्सा म्हणजे बरोब्बर ५ आणे ४ पै (१६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा, कागदावर करून बघा). दहा पौंडांचे १३३-५-४. म्हणजे वहीतल्या त्या शेवटच्या चार पै सुद्धा कायद्यातून आल्यात!

हा भाव काही गोडीगुलाबीने ठरला नव्हता हं. १८ नको, १६ पेन्स ठेवा म्हणून मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी, रुपयाचा भाव ठरवायला सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनचे सदस्य असूनही, १९२६ च्या अहवालाला आपलं वेगळं मत जोडलं होतं, कारण रुपया महाग केला की बाहेरचं कापड इथे स्वस्त पडतं आणि आपला कापूस बाहेर विकून हातात रुपये कमी येतात. सरकारने ऐकलं नाही.

आता डॉलर. १९४७ ला एक पौंड ४.०३ डॉलरचा होता, १३.३३ ला ४.०३ ने भागा, एका डॉलरला ३ रुपये ३१ पैसे येतात. १९४६ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे रुपयाचा जो अधिकृत भाव नोंदवला गेला तोही ३०.२२५ सेंट, म्हणजे तेवढाच. ‘देशावर कर्ज नव्हतं म्हणून एकास एक’ हे लॉजिक तर कुठून आलं देव जाणे, उलट तेव्हा ब्रिटनच आपलं देणं लागत होतं, शंभर कोटी पौंडांच्या वर, तरी भाव तोच होता.

आणि १९४९ चं म्हणाल तर सप्टेंबरात ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला, आपणही रुपया त्याच प्रमाणात उतरवला. एका लिफ्टमधून दोघं सोबत खाली आले तर त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, तसं झालं. पौंड १३-५-४ च राहिला, डॉलर मात्र ४ रुपये ७६ पैसे झाला. आजोबांचा भाऊ अमेरिकेत असता तर वही वेगळी दिसली असती.

खरी गंमत शेजारी झाली. पाकिस्तानने अवमूल्यन केलंच नाही, त्यामुळे त्यांचे १०० रुपये म्हणजे आपले १४४ असा हिशोब आला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकच रुपया होता, तर हे कोण मान्य करणार, आपण नाही केलं आणि व्यापारच अडकला. तागाच्या गिरण्या कलकत्त्याला आणि ताग पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात! पाकिस्तानने शेवटी १९५५ ला रुपया उतरवला.

तुमच्या वहीतला आकडा बदलायला ६ जून १९६६ उजाडावा लागला. त्या दिवशी पौंड २१ रुपये आणि डॉलर साडेसात. हे अवमूल्यन कोणी ३६.५ टक्के सांगतं, कोणी ५७.५, दोन्ही बरोबर आहे, रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला आणि त्यामुळे डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. पुढच्याच वर्षी पौंड परत घसरला, पण या वेळी आपण त्याच्यामागे गेलो नाही, तर तो १८ रुपयांवर आला.

प्रश्न : माझी आजी मूळ गोव्याची. ती म्हणते पोर्तुगीज असताना एकदा सगळ्यांचे पगार रातोरात सहापट झाले, पण कोणी पेढे वाटले नाहीत. थापा ना?
– सावंतवाडीची एक वाचक

उत्तर : थापा नाहीत. गोव्यात आधी पोर्तुगीजांचा ‘रुपिया’ चालायचा, आपल्या रुपयाच्या बरोबरीचा. १९५९ ला तो काढून पोर्तुगालसारखा एस्कुदो आणला, एका रुपियाला ६ एस्कुदो. सहाच का, तर तेव्हा डॉलरला २८.७५ एस्कुदो आणि ४.७६ रुपये, भागाकार सहाच्या आसपास येतो. १०० रुपियांच्या पगाराचे ६०० एस्कुदो झाले, आणि तांदळाच्या भावालाही त्याच दिवशी सहाने गुणलं.