राजकीय नेत्याला करिष्मा लागतोच का?

लागतो, पण गर्दी जमवायला. मतं पेटीत पाडायला यंत्रणा लागते.

मनसेचंच बघा. पक्ष निघाला २००६ ला आणि २००९ ला थेट १३ आमदार. मग २०१४ ला १, २०१९ ला १, २०२४ ला शून्य. राज ठाकरेंच्या सभांना गर्दी शेवटपर्यंत होती. मग अडलं कुठे? एका बूथवर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. मतदार यादीचं एकेक पान एकेका कार्यकर्त्याकडे द्यायचं, घरोघरी स्लिपा पोचवायच्या, दुपारपर्यंत कोण मतदानाला आलं नाही ते बघून त्यांना बाहेर काढायचं, आणि संध्याकाळी पोलिंग एजंटाने १७ सी नमुन्याची (केंद्रावर किती मतं पडली त्याच्या हिशेबाची) प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. हे काम वर्षभर बांधावं लागतं, भाषणाने होत नाही. त्यात आपल्याकडे सर्वाधिक मतं घेणारा एकच निवडून येतो. त्यामुळे राज्यभर विखुरलेली चाहत्यांची मतं हिशेबात वायाच जातात.

उलट उदाहरण सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेकापसारखा (शेतकरी कामगार पक्ष) आटत गेलेला पक्ष, झगमगाट नाही, तरी ११ वेळा आमदार. पाणी, सूतगिरणी, आणि तालुक्यात सतत वावर.

बाहेरचं हवं असेल तर १९४५ चं ब्रिटन: युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले आणि मजूर पक्षाचे मितभाषी ॲटली ३९३ जागा घेऊन आले. मतदाराला तेव्हा घरं आणि नोकऱ्या हव्या होत्या.

माझ्या मते करिष्म्याचा खरा उपयोग नव्या पक्षाच्या पहिल्या निवडणुकीत. दुसरीपासून लोक विचारतात, काम काय केलं?