मेल उघडतात म्हणे, पण साइटवर कुणी फिरकत नाही

प्रश्न : माझा घरगुती मसाले-लोणच्यांचा व्यवसाय आहे, छोटी वेबसाइट आहे, तिच्यावर रेसिपी पण टाकते. दर महिन्याला साधारण सहाशे जणांना न्यूजलेटर जातं. रिपोर्टमध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी मेल उघडला असं दिसतं, पण तिथून साइटवर येणारे जेमतेम पाच-सात. लिंक्स तर दहा-बारा देते, प्रत्येक रेसिपीखाली ‘इथे क्लिक करा’ असतं. मग अडतंय कुठे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी तो ‘निम्म्याहून जास्त’ आकडा फार मनावर घेऊ नका. मेलमध्ये एक डोळ्यांना न दिसणारं चित्र असतं, ते लोड झालं की मेल उघडला असं धरतात. २०२१ मध्ये ॲपलने आयफोनच्या आयओएस १५ बरोबर मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, ते ज्यांच्या फोनवर चालू आहे त्यांच्यासाठी ॲपलचे सर्व्हरच चित्रं लोड करून ठेवतात, माणसाने मेल बघितला नसला तरी. म्हणून क्लिक बघा. तेही जरा पारखून, कारण कंपन्यांच्या मेलबॉक्समध्ये सिक्युरिटी सॉफ्टवेअर आधी स्वतःच लिंक्स उघडून तपासतं. पाठवल्या पाठवल्या काही सेकंदांत एकाच पत्त्यावरून बाराच्या बारा लिंक्सवर क्लिक आले तर ते गिऱ्हाईक नव्हे!

आता लिंक्स. बारा खूप झाल्या हो, वाचणाऱ्याला कळतच नाही यातलं महत्त्वाचं काय. एका मेलमध्ये एकच मुख्य विषय घ्या आणि त्याची लिंक पहिल्या परिच्छेदानंतर लगेच द्या, तीच परत शेवटी द्या, बस. आणि ‘इथे क्लिक करा’ काढूनच टाका. जे दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर वापरतात ते बऱ्याचदा एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर उड्या मारत जातात, त्यांना नुसतं ‘इथे क्लिक करा, इथे क्लिक करा’ ऐकू येतं, पण डोळस माणसालाही त्यातून काय कळतं? ‘किलोभर कैरीला मीठ किती घालायचं’ या शब्दांनाच लिंक लावा, ज्याच्या घरात कैऱ्या येऊन पडल्यात तो दाबणारच.

अख्खी रेसिपी मेलमध्येच दिली तर कोण कशाला येईल साइटवर. पण नुसती उत्सुकता ताणून ठेवणारे मेलही लोक दोन-तीनदा सहन करतात, मग उघडत नाहीत. मधला रस्ता असा, की लोणच्याला बुरशी का येते ते मेलमध्ये नीट सांगायचं, वाचणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे, आणि प्रमाण, फोटो, बरणी भरायची पद्धत साइटवर ठेवायची. लिंक थेट त्या लोणच्याच्या पानावर जाऊ दे, होमपेजवर सोडलंत तर शोधत बसायला कुणाला वेळ नाही.

अजून एक, जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खालचा भाग ‘पूर्ण मेसेज बघा’च्या मागे जातो, म्हणजे तुमची शेवटची लिंक गायब. फोटोंमुळे नाही होत हे, ते बाहेरून लोड होतात, टेम्प्लेटचा फापटपसारा आणि वर्डमधून जसंच्या तसं पेस्ट केलेला मजकूर यांनी वजन वाढतं.

प्रश्न : मराठी शीर्षकाची लिंक कॉपी केली की टक्क्यांची चिन्हं असलेली लांबलचक शेपटी येते. शॉर्ट लिंक करून पाठवू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नको. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये त्याची नऊ अक्षरं होतात, नुसतं ‘लोणचे’ म्हटलं तरी काना-मात्रा धरून पाच चिन्हं, म्हणजे ४५. पण शब्दांमागे लिंक लावली की ती शेपटी दिसतच नाही, मग छोटी करायची गरज काय? शॉर्ट लिंक्स स्पॅमवाले पण वापरतात त्यामुळे फिल्टर संशय घेतात. नवीन पानांचा स्लग (पत्त्याचा शेवटचा, पानाच्या नावाचा भाग) रोमन लिपीत ठेवा, जुनी उगाच हलवू नका. आणि साइटचा पूर्ण पत्ता मजकुरात लिहून त्यालाच लिंक लावू नका, कारण न्यूजलेटरचं टूल क्लिक मोजायला आतली लिंक बदलतं, दिसतो एक पत्ता नि उघडतो भलताच, फसवणुकीच्या, म्हणजे फिशिंगच्या मेलमध्ये हेच करतात ना!

लिंकला यूटीएम टॅग (माणूस कुठून आला ते सांगणारे, लिंकच्या शेवटी जोडायचे शब्द) मात्र लावा, नाहीतर मेल ॲपमधून आलेली मंडळी साइटच्या भेटी मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये बऱ्याचदा ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे थेट पत्ता टाकून आलेल्यांत जाऊन बसतात. टॅगचं स्पेलिंग दर वेळी सारखं ठेवा, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं तिथे वेगळी धरली जातात.

प्रश्न : ओळखीच्या एकाकडे दोन हजार ईमेल पत्ते आहेत, विकत घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अजिबात नको. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. म्हणजे ढोबळ हिशोबाने हजारात तिघांनी ‘स्पॅम’ दाबलं की संपलं, आणि मग ज्यांनी स्वतःहून नाव दिलंय त्यांचेही मेल स्पॅममध्ये जायला लागतात.