घरमालक चढ्या दराने वीज देतात, फ्यूज काढून नेतात: भाडेकरूने काय करावे?

प्रश्न: हडपसरला चाळीत दोन खोल्यांत सहा वर्षे भाड्याने राहतो. मिस्टर वर्कशॉपमध्ये आहेत, मी धुण्याभांड्याची कामे करते. तीन बिऱ्हाडांत मिळून मालकांच्या नावाचा एकच मीटर आणि आम्हाला सबमीटर. युनिटला 12 रुपये घेत होते, आता 16 मागतात. बिल दाखवत नाहीत. नाही म्हटले तर फ्यूज काढून नेला, दोन रात्री मुले अंधारात होती. स्वतःचा मीटर मागायला गेले, तर मालकाची एनओसी आणा म्हणाले. करार कधी झालाच नाही, भाडे यूपीआयने देतो. आता मालक अकरा महिन्यांच्या कागदावर सही मागतात. गॅसचे कनेक्शन गावी सासूबाईंच्या नावावर आहे, इथे सिलिंडर ब्लॅकने घ्यावा लागतो. काय करू?

उत्तर: ताई, आधी एक गोष्ट. त्या कागदावर सही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यांनी तो केला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. त्यामुळे कागद नसल्याची अडचण त्यांना आहे, तुम्हाला नाही. अकरा महिन्यांचा कागद बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे भाडेकरार नव्हे तर राहण्याची नुसती परवानगी असतो; त्यावर एकदा सही झाली की तुम्ही भाडेकरू उरत नाही, आणि पुढच्या परिच्छेदातले संरक्षणही हातातून जाऊ शकते.

ते संरक्षण कलम 29 चे. योग्य कारणाशिवाय भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडायला घरमालकाला मनाई आहे. स्वतः तोडले काय आणि माणूस पाठवून तोडले काय, सारखेच. पुण्यात त्यासाठी लघुवाद न्यायालयात अर्ज करता येतो आणि वीज तातडीने जोडून देण्याचा अंतरिम आदेशही मागता येतो. मात्र ‘पैसेच देत नव्हते’ हे कारण मालकांच्या हाती देऊ नका. भांडण दराचे आहे, म्हणून विजेचे पैसे देणे थांबवू नका. तुमच्या हिशोबाने जे निघतात ते यूपीआयने पाठवा, शेरा लिहा, आणि ‘उरलेल्या रकमेबद्दल वाद आहे’ असा मेसेज करून ठेवा. पुन्हा फ्यूज गेला तर शेजारून वायर ओढू नका, मीटरच्या पेटीला हात लावू नका. वीजचोरीचा आरोप तुमच्यावरच उलटेल.

आता हिशोब. मुख्य मीटरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक मिळवा. त्यावरून महावितरणचे बिल ऑनलाइन पाहता येते. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, हा तुमचा खरा दर. पण तो पाहून तुम्हाला धक्का बसेल, कारण सगळा फरक मालकांच्या खिशात जात नाही. घरगुती विजेचे दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या 100 युनिटांनंतर दर जवळजवळ दुप्पट होतो, वर 16 टक्के वीज शुल्क. तिन्ही घरांनी 90-90 युनिट वापरले तर वेगवेगळ्या मीटरवर प्रत्येक घर पहिल्या टप्प्यातच राहते. एकाच मीटरवर ते 270 होतात, आणि त्यातले 170 महाग टप्प्यात जातात. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी बिलात लागणारी ठरावीक रक्कम, प्रत्येक मीटरला वेगळा लागतो, तरीही तुमच्यासारख्या कमी वापराच्या घराला स्वतःचा मीटर स्वस्तच पडतो. दर वाढले की सामाईक मीटरवरच्या गरिबाला ती वाढ अशी दुहेरी बसते, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते.

मालक खरेदीदरापेक्षा जास्त घेत असतील, तर विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 12 प्रमाणे परवान्याशिवाय वीज विकता येत नाही हा मुद्दा मालकांना नोटीस पाठवाल तर तीत जरूर घालावा. पण सगळी भिस्त त्यावर नको. खरा उपाय स्वतंत्र मीटर हाच.

त्याच कायद्याचे कलम 43 म्हणते की जागेचा मालक किंवा भोगवटादार (जागा प्रत्यक्ष वापरणारा), कोणीही अर्ज केला तरी वीज द्यावी. भाडेकरू हा भोगवटादारच. एनओसीचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयाने दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात 13 मे 2022 रोजी निकालात काढला आहे: मालकाने ना-हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, अर्जदार त्या जागेत राहतो का एवढेच पाहायचे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. सोबत यूपीआयच्या नोंदी, आधार, मुलांच्या शाळेचे दाखले, सबमीटरचे तारखेसह फोटो जोडा. ‘या मीटरच्या आधारे जागेवर हक्क सांगणार नाही’ असे हमीपत्रही द्या, म्हणजे मालकांची भीती निघेल. नकार आला तर तो लेखीच मागा आणि वीजग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. तिथे वकील लागत नाही. तिथेही दाद लागली नाही तर पुढे विद्युत लोकपाल आहेत. त्या जागेवर जुनी थकबाकी असेल तर मात्र अडचण येते, तेवढे आधी विचारून घ्या.

गॅसचे सोपे आहे. सासूबाई गावी वेगळ्या राहतात, चूल वेगळी, म्हणजे घर वेगळे. तुम्ही स्वतःच्या नावावर कनेक्शन मागू शकता. उज्ज्वला योजनेच्या निकषांत बसत असाल, तर स्थलांतरित कुटुंबाला रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालते. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे महाग पडतो, पण ब्लॅकच्या सिलिंडरसारखा वजनाचा आणि गळतीचा धोका नाही.

न्यायालयात जायची वेळ आली तर वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा. आणि शक्य असेल तर बाकीच्या दोन बिऱ्हाडांनाही मीटरसाठी त्याच दिवशी अर्ज करायला सांगा.