पाकात उरलेले पाणी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून फज, कॅरॅमल, टॉफी, ट्रफल अशा घरी करावयाच्या गोड पदार्थांची चौकशी सुरू होते. या वेळी कृती मागणारी पत्रे थोडी आहेत. कृती हाती असूनही पदार्थ का फसला, असे विचारणारी पुष्कळ आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. साखरेच्या बहुतेक तक्रारींचा माग काढत गेले की तो पाकात उरलेल्या पाण्यापाशी जाऊन पोचतो, त्यामुळे पहिले उत्तर जरा लांबले आहे; पुढच्या उत्तरांना त्याचाच आधार आहे.

प्रश्न: एकाच कृतीने आणि एकाच प्रमाणाने मी फज दोनदा केला. पहिल्यांदा तो रवाळ झाला आणि दुसऱ्यांदा इतका सैल राहिला की चमच्याने खावा लागला. फरक कोठे पडला?

उत्तर: दोन्ही खेपा बिघडल्या असल्या तरी दोन्हींतले बिघाड वेगळे आहेत. दुसरी खेप आधी पाहू, कारण तिचे कारण सरळ आहे: पाकात पाणी जास्त राहिले. साखर आणि पाणी उकळू लागले की पाण्याची वाफ होत जाते, पाक दाट होतो, आणि पाक जितका दाट तितका त्याचा उत्कलनबिंदू वर चढतो. म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा तापमानाचा असला, तरी पाकात पाणी किती उरले आहे तेच तो आपल्याला सांगत असतो. ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला पाकात साधारण ८५ टक्के साखर असते आणि बाकीचे पाणी; याच टप्प्यावर फज उतरवायचा असतो. १४६ ते १५४ अंशांना पाण्याचा अंश जेमतेम १ टक्का उरतो आणि असा पाक निवल्यावर काचेसारखा तुटतो. कृतीत ‘दहा मिनिटे उकळावे’ असे लिहिलेले असते, पण पातेले रुंद असेल तर तेवढ्या वेळात पाक पुढे जातो आणि अरुंद असेल तर मागे राहतो. आपण दुसऱ्या वेळी पातेले बदलले होते का, किंवा प्रमाण तेच ठेवून आच मंद केली होती का, ते आठवून पाहावे.

पहिल्या खेपेत मात्र पाणी बरोबर होते आणि साखरेचे स्फटिक मोठे झाले. फज हा मुळात साखरलेलाच पदार्थ आहे. त्यातले स्फटिक इतके बारीक हवेत की जिभेला ते वेगळे कळू नयेत. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मिश्रण ढवळावे, उकळी आल्यावर बुडाशी लागू नये एवढ्यापुरताच चमचा हलवावा, आणि आचेवरून उतरवल्यावर तर त्याला हातही लावू नये. गरम असताना ढवळले की थोडेच स्फटिक तयार होतात आणि सारी साखर त्यांच्यावर चढत जाऊन ते मोठे होतात. मिश्रण ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे पातेल्याच्या बुडाला तळहात सहज लावता येईल इतके निवले की मग जोराने घोटायला घ्यावे. त्या वेळी एकाच दमात असंख्य बारीक स्फटिक उठतात. घोटताना मिश्रणाकडे नीट लक्ष ठेवावे: सुरुवातीला ते मधासारखे चकाकते, डाव जड होत जातो, आणि एका क्षणी चकाकी जाऊन पृष्ठभाग मखमलीसारखा मंद दिसू लागतो. त्याच क्षणी ते ताटलीत ओतावे. अर्धा मिनिट उशीर झाला तर ते पातेल्यातच बसते.

पातेल्याच्या कडेला चिकटलेला साखरेचा एखादा कणही पाकात पडून सगळा पाक साखरवू शकतो. त्यासाठी उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे; वाफेचे पाणी कडा धुऊन काढते. थोडे ग्लुकोज सिरप घातल्यानेही साखरण्याला आळा बसतो, कारण वेगळ्या जातीची साखर मध्ये आली की स्फटिकांची रचना नीट जुळत नाही. लिंबाच्या रसाने हेच काम होते, पण ते फक्त साखर-पाण्याच्या पाकात. दुधाच्या मिश्रणात लिंबू घातले तर दूध फाटेल. आपल्या दोन्ही खेपा टाकून देण्याचे कारण नाही. मिश्रण पुन्हा विरघळेल इतके पाणी घालून मंद आचेवर ठेवावे आणि ११४ अंशांपर्यंत परत आटवावे.

प्रश्न: साखरेचा थर्मामीटर घेणे आवश्यकच आहे का? घरात ताप मोजण्याचा आहे, तो चालेल का?

उत्तर: तापाचा थर्मामीटर कृपया पाकात घालू नये. त्याची मोजपट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते आणि उकळत्या पाकात त्याची काच फुटण्याची शक्यता असते. थर्मामीटर नसेल तर थंड पाण्याची जुनी परीक्षा पुरेशी आहे. वाटीत गार पाणी घ्यावे, पातेले आचेवरून बाजूला करावे (परीक्षा चालू असताना पाक पुढे जाऊ नये म्हणून) आणि अर्धा चमचा पाक पाण्यात सोडावा. पाण्यातच बोटांनी तो गोळा करून पाहावा. नुसत्या तारा सुटल्या तर पाक कच्चा आहे. मऊ गोळी झाली आणि बाहेर काढल्यावर बोटावर ती पसरू लागली तर फजचा टप्पा आला. गोळी आकार धरून राहिली, पण दाबल्यावर दबली, तर कॅरॅमलचा. पाण्यात पडताच टक् असा आवाज होऊन त्याचा कडक तुकडा झाला आणि तो वाकवताना मोडला, तर टॉफीचा.

थर्मामीटर असलाच तर हंगामात एकदा तो उकळत्या पाण्यात धरून तपासावा, आणि टोक पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नये. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. दर ३०० मीटर उंचीमागे हा बिंदू सुमारे १ अंशाने खाली येतो. पाणी ९५ अंशांना उकळत असेल, तर कृतीतल्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा करावेत, म्हणजे ११४ ऐवजी १०९. उंचावर राहणाऱ्या दोन वाचकांनी कॅरॅमल दर वेळी कडक होते असे कळवले आहे. त्यांनी ही वजाबाकी करून पाहावी.

प्रश्न: कॅरॅमलला छान गडद रंग यावा म्हणून थोडा वेळ जास्त ठेवले, तर ते दगडासारखे झाले. रंगही हवा आणि मऊपणाही हवा, तर काय करावे?

उत्तर: ‘कॅरॅमल’ या एका शब्दाने दोन गोष्टी ओळखल्या जातात आणि गोंधळ त्यातूनच झाला आहे. कोरडी साखर १६० ते १७० अंशांच्या पुढे नेली की ती तपकिरी होते, हे एक कॅरॅमल. दूध किंवा साय घालून केलेल्या मऊ वड्यांना येणारा रंग मुख्यतः दुधातली प्रथिने आणि साखर यांच्या संयोगाने येतो. या वड्या ११८ ते १२० अंशांनाच उतरवायच्या असतात. तेथे रंगाची वाट पाहत बसले की पाणी निघून जाते आणि वडी कडक होते. गडद रंग हवा असेल तर आधी साखर कोरडीच वितळवून तांबूस करावी, त्यात गरम केलेली साय बेताबेताने ओतावी (मिश्रण जोरात उसळते, म्हणून पातेले खोल हवे), आणि मग ११८ अंशांपर्यंत आटवावे. रंग आधी मिळतो, मऊपणा नंतर ठरवता येतो. झालेल्या दगडांचे तुकडे थोड्या पाण्यात मंद आचेवर विरघळवावेत आणि पुन्हा त्याच अंशापर्यंत न्यावेत.

प्रश्न: टॉफी होत आली असताना लोणी सुटून वर तरंगू लागले. ती वाचवता येते का?

उत्तर: बहुधा येते. आच एकदम वाढवणे किंवा कमी करणे, पातळ बुडाचे पातेले आणि ढवळण्यात पडलेला खंड ही त्याची नेहमीची कारणे आहेत. आच मंद करून चमचाभर कडकडीत गरम पाणी घालावे आणि मिश्रण एकजीव होईपर्यंत सारखे ढवळत राहावे. ते पाणी पुन्हा उडून जाईपर्यंत टॉफी आचेवर ठेवावी लागते. काळ्या, न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे या कामाला घेऊ नये, असे माझे मत आहे, कारण त्यात पाकाचा रंग दिसतच नाही आणि करपल्याचे वासावरूनच कळते.

प्रश्न: चॉकलेट वितळवून साच्यांत ओतले. दोन दिवसांनी त्यावर पांढरट पट्टे आले. ते खाण्यास योग्य आहे का, आणि असे का होते?

उत्तर: ते खुशाल खावे. पट्टे बुरशीचे नाहीत. बोट हलकेच फिरवून पाहावे: पट्टा तुपकट लागला आणि चोळल्यावर नाहीसा झाला तर ती वर आलेली कोको बटरची चरबी आहे, खरखरीत लागला आणि पाण्याच्या थेंबाने विरघळला तर ती साखर आहे. साखर तेव्हा वर येते जेव्हा फ्रिजमधून काढलेल्या थंड चॉकलेटवर हवेतला ओलावा जमतो आणि सुकतो.

आपले वर्णन चरबीचे दिसते. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते आणि त्यांपैकी पाचवे रूपच आपल्याला हवे असते: ते चकाकते, तोडताना कट् असा आवाज करते आणि सुमारे ३४ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्यावर, वितळते. नुसते वितळवून गोठवले तर कमी टिकाऊ रूपे तयार होतात आणि हळूहळू रूप पालटताना चरबी पृष्ठभागावर येते. यावरचा उपाय म्हणजे टेम्परिंग. काळे चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवावे, २७-२८ पर्यंत निववावे आणि पुन्हा ३१-३२ पर्यंत आणून मग साच्यांत ओतावे. दुधाच्या चॉकलेटसाठी शेवटचा आकडा २९-३० असा धरावा. घरी सोपी रीत अशी की एकूण चॉकलेटपैकी पाव ते एक तृतीयांश भाग बारीक चिरून बाजूला ठेवावा आणि बाकीचे वितळल्यावर तो थोडा थोडा घालत ढवळावे. न वितळलेल्या तुकड्यांत योग्य स्फटिक असतातच. विरजणाने दही लागते तसे ते उरलेल्या चॉकलेटला लागतात. वेष्टनावर कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी लिहिलेली असेल, तर तो कंपाउंड प्रकार होय आणि त्याला टेम्परिंग लागत नाही. त्याची चव मला बेताचीच वाटते, पण मुलांच्या हाताखाली देण्यासाठी तो सोयीचा आहे.

चॉकलेट वितळताना त्यात पाण्याचे दोन थेंब जरी गेले तरी त्याचा घट्ट, खरखरीत गोळा होतो. असे झाले तर ते साच्यांसाठी निकामी झाले असे समजावे, पण गरम साय घालून त्याचे गनाश, म्हणजे चॉकलेट आणि सायीचे मऊ मिश्रण, करता येते. ट्रफलसाठी वजनाने दोन भाग काळे चॉकलेट आणि एक भाग साय हे प्रमाण सहसा फसत नाही.

प्रश्न: मार्शमॅलो जिलेटिनशिवाय होतात का?

उत्तर: होतात, पण तेच होत नाहीत. जिलेटिन प्राणिज असून तोंडाच्या उबेने वितळते. अगर-अगर समुद्री शेवाळापासून मिळते, ते ४० अंशांच्या खाली घट्ट होते आणि पुन्हा वितळण्यासाठी सुमारे ८५ अंश लागतात, त्यामुळे ते जिभेवर विरघळत नाही, तुटते. पदार्थ म्हणून तो वाईट नाही, फक्त अपेक्षा बदलून खावा. ताज्या अननसाचा किंवा किवीचा रस घालायचा असेल तर मात्र अगर-अगरच घ्यावे, कारण या फळांतली पाचकद्रव्ये जिलेटिन मोडून टाकतात. रस उकळून घेतला तर ही अडचण राहत नाही.

प्रश्न: भेट देण्यासाठी सगळे प्रकार एकाच डब्यात भरायचे आहेत. किती दिवस आधी करायला घ्यावेत?

उत्तर: एकाच डब्यात भरू नयेत. मी एकदा फज आणि टॉफी शेजारी शेजारी ठेवून डबा बंद केला होता. तिसऱ्या दिवशी उघडला तेव्हा टॉफी चिकट झाली होती आणि फजच्या कडा कोरड्या पडल्या होत्या. मऊ पदार्थातला ओलावा कडक पदार्थाकडे जातो, मध्ये कागद असला तरीही. प्रत्येक प्रकाराचा डबा वेगळा ठेवावा आणि देण्याच्या दिवशीच सगळे प्रकार एकत्र मांडावेत. कडक टॉफी आणि साखरेच्या गोळ्या सर्वांत आधी कराव्यात, त्या हवाबंद डब्यात काही आठवडे राहतात. कॅरॅमलच्या वड्या एकेक करून बटर पेपरमध्ये गुंडाळाव्यात. फज देण्याच्या आदल्या आठवड्यात करावा आणि साय असलेले ट्रफल शेवटी करून फ्रिजमध्ये ठेवावेत. पावसाळी किंवा दमट दिवशी कडक टॉफीला हातच घालू नये. साखर हवेतले पाणी ओढून घेते आणि टॉफी डब्यात जाण्याआधीच सादळते. डब्यावर सुकामेवा, दूध आणि मध यांचा उल्लेख चिठ्ठीने करावा. घेणाऱ्या घरात एक वर्षाच्या आतले मूल असेल तर मधाचा पदार्थ त्याच्या तोंडी लागू नये, आणि कडक गोळ्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात.

प्रश्न: मुलांना या कामात घ्यावे का? आणि पातेल्याला चिकटलेला पाक कसा काढावा?

उत्तर: चॉकलेट ओतणे, ट्रफल वळणे, कागद गुंडाळणे ही कामे मुलांना जरूर द्यावीत. उकळत्या पाकाजवळ मात्र त्यांना उभे करू नये. १५० अंशांचा पाक कातडीला चिकटतो आणि झटकून निघत नाही. ओट्यावर गार पाण्याचे मोठे पातेले भरून ठेवावे. भाजले तर तो भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये, आणि फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडे जावे. चिकटलेल्या पाकाला सुरी लावण्याची गरज नाही. पातेले काठापर्यंत पाण्याने भरावे, चमचा आणि डावही त्यातच टाकावेत आणि आचेवर ठेवून उकळी येऊ द्यावी. पाच-सात मिनिटांत सगळी साखर पाण्यात गेलेली असते.