तुझा बदामी टी-शर्ट तीनदा धुतला

अनेक आशीर्वाद.

तू विकायला काढणार आहेस त्या साध्या, मोकळ्या टी-शर्टाच्या नमुन्याचं पार्सल गेल्या मंगळवारी पोचलं. सोबत चिठ्ठी होती, ‘काका, फक्त हात लावून कसा वाटतो ते सांगा.’ हाताला छान लागला. पण बायोवॉश झालेला (एन्झाइमने लव काढून मऊ केलेला) कपडा नवा असताना छानच लागतो, त्यात तुझं कौतुक नाही. म्हणून मी टेप काढली. खांद्यापासून खालपर्यंत ७४ सेंटिमीटर. मग तीनदा धुतला, घरच्या साबणाने, पिळून, गॅलरीतल्या दोरीवर वाळवून. तुझं गिऱ्हाईक असाच धुणार आहे. आता तो ७०.५ भरतोय, म्हणजे जवळपास पाच टक्के आटला. शिवाय डाव्या बगलेखालची उभी शिवण फिरून पोटाकडे आलीय.

आटणं कॉम्पॅक्टिंगमध्ये, म्हणजे कापड शिवण्याआधीच दाबून आखडवून घेतलं की, आवरता येतं. शिवण फिरते ती सिंगल जर्सीच्या, म्हणजे टी-शर्टाच्या नेहमीच्या विणीच्या कापडाच्या, सुतातल्या पिळामुळे. थोडं फिरणं या धंद्यात सगळे चालवून घेतात. छापील टी-शर्टात तर कुणाला कळतही नाही, कारण छातीवर एखादा कार्टूनवाला असतो, डोळा तिकडे जातो. तू मात्र चित्र नको, लोगो नको, फक्त बदामी रंग आणि मोकळा घेर असं ठरवलंयस. मग माणसाने बघायचं काय? गळा बघेल, शिवण बघेल, कापड बघेल. नेमक्या त्याच जागा आपल्याकडे घाईत उरकल्या जातात. तुम्हा मुलांना वाटतं, साधा कपडा म्हणजे खर्च कमी. माझा तीस वर्षांचा अनुभव उलटा आहे.

आता मापाचं. आम्ही लहान असताना आई कापड घेताना दुकानदाराला सांगायची, ‘वाढत्या अंगाचं द्या.’ दोन वर्षं तो शर्ट गुडघ्याशी खेळायचा, तिसऱ्या वर्षी बसायचा आणि चौथ्या वर्षी धाकट्याकडे जायचा. त्याला आम्ही ढगळ म्हणायचो. तुमचा ओव्हरसाइझ्ड तसला नव्हे, पण तुझ्या कटिंग मास्टरने केलाय तसलाच. त्याने नेहमीचा पॅटर्न सगळीकडून फुगवला. त्यामुळे घेराबरोबर गळाही मोठा झाला आणि माझ्या पुतण्याने घातला तेव्हा एका खांद्यावरून घसरायला लागला. गळा वाढवायचा नसतो. गळा अंगाबरोबर हवा, लायक्रा घातलेल्या रिबचा (उभ्या धारांच्या, ताणल्या जाणाऱ्या विणीचा), अडीच सेंटिमीटर रुंद, मागे खांद्यापासून खांद्यापर्यंत पट्टी लावलेला. खांद्याची शिवण दंडावर उतरते, तेव्हा बाहीचा वरचा गोलवा जवळजवळ सपाट करावा लागतो. तुझ्यात तो जुनाच ठेवलाय, म्हणून काखेत चुण्यांचा गठ्ठा जमतो. मास्टरला रागावू नकोस. त्याने आयुष्यभर अंगाबरोबरचे कपडे कापलेत. त्याला एक चांगला तयार पीस उसवून हातात दे, तोंडी सांगून समजणार नाही.

तू हिशेब पाठवला नाहीस, म्हणून मीच मांडला. लांबी ७४, बाही २४, त्यात दुमड-शिवणीचे १२ धरले की ११० सेंटिमीटर. रुंदी ५८, भर धरून ६२. पुढचा आणि मागचा मिळून दुप्पट. कापड तू २४० जीएसएमचं (चौरस मीटरला २४० ग्रॅम) सांगतोस, म्हणजे एका पीसला ३२७ ग्रॅम. कटिंगची चिंधी धरली तर ३६० च्या आसपास. साधा १८० जीएसएमचा अंगाबरोबरचा टी-शर्ट सव्वादोनशे ग्रॅममध्ये निघतो. तमिळनाडूतल्या तिरुपूरला होजिअरीचं कापड किलोवर मिळतं, मीटरवर नाही. म्हणून मोकळेपणाचा प्रत्येक इंच वजनकाट्यावर चढतो.

आणि हो, ते २४० खरंच २४० आहे का, हे तपासलंस? एक गोल कटर मिळतो. तो बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतो, त्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर. मी तुझ्या पाठीचा तुकडा कापला (माफ कर), २.१ ग्रॅम भरला. म्हणजे २१० आणि तेही आटल्यावर. कापड आटलं की जीएसएम वाढतो, तेव्हा आधी किती असेल ते तूच बघ. तसं मला विचारशील तर मुंबईच्या मे महिन्यात, लोकलच्या गर्दीत २४० घालून हिंडणाऱ्याला मी हात जोडेन. इकडच्या हवेला १८० ते २०० पुरे. पण मग कापड अंगावरून लोंबतं, डब्यासारखं उभं राहत नाही. तुला तो उभेपणा हवाय हे कळतं. निवड तुझी, फक्त लेबलवर खरा आकडा लिही.

आता रंग. तुम्ही ज्याला बेज, सँड, टोप वगैरे म्हणता, त्यांना आमच्याकडे बदामी, मातकट, राखी असे शब्द होते आणि डाईंगवाले या रंगांना जेवढे घाबरतात तेवढे लालभडक रंगाला घाबरत नाहीत. कारण फिक्या बदामीत पिवळा, लाल, निळा असे तिन्ही रंग चिमूटभर पडतात. एक चिमूट इकडची तिकडे झाली की लॉट गुलाबी मारतो नाहीतर हिरवट. मी एकदा यात चांगलाच पोळलोय. ८०० पीसचा माल, अंगाचं कापड आणि गळ्याची रिब वेगवेगळ्या लॉटची. गोदामातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही एकजीव दिसले, मी सही केली. दुकानदाराने गठ्ठा उन्हात उघडला, तर प्रत्येक टी-शर्टाच्या गळ्याला गुलाबी कड. सगळा माल परत आला. तेव्हापासून शेड मी तीन ठिकाणी बघतो. रंग तपासायच्या दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडाखाली, टीएल८४ म्हणजे दुकानी उजेडाखाली आणि शेवटी बाहेर रस्त्यावर येऊन. तुझ्या टी-शर्टाचा गळा मी गॅलरीत नेऊन पाहिला. काय दिसलं ते सांगत नाही, स्वतः बघ.

चिठ्ठीत तू ‘अर्थ टोन, म्हणजे निसर्गाजवळचे’ असंही लिहिलंयस. हे पोस्टमध्ये टाकू नकोस. बदामी रंगही रिअॅक्टिव्ह डाय या रासायनिक रंगाच्या आणि मिठाच्या पाण्यातच चढतो. तिरुपूरची नोय्यल नदी अशा पाण्याने इतकी बिघडली की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाईंग-ब्लीचिंग युनिटं बंद करायला लावली. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, या अटीवरच ती पुन्हा सुरू व्हायची होती. तुला खरंच निसर्गाजवळचं हवं असेल तर कोरं कापड घे, रंग आणि ब्लीच न केलेलं. त्यात सरकीचे काळपट ठिपके दिसतात. आपल्या आज्यांनी मांजरपाटात तेच पाहिलेत आणि कुणी दुकानात परत नेलं नाही. एक रंग म्हणून कोरा ठेव, ठिपक्यांबद्दल टॅगवर दोन ओळी मराठीत लिही.

फिक्या रंगाची दुसरी कटकट म्हणजे डाग. मी मुद्दाम बाहीवर वरणाचा थेंब सांडला. हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि मुलं घाबरून ब्लीच ओततात. ऊन दाखवलं की हळद आपोआप उडते, माझा डाग दोन दिवसांत गेला. हेही टॅगवर लिहिता येईल.

जीएसटीचं सीएला विचार, पण एवढं लक्षात असू दे की २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आहे, त्यावर १८. तुझा भाव त्या रेषेच्या पुष्कळ खालीच राहील, तेव्हा चिंता नको.

पहिल्याच खेपेला सहा रंग मात्र काढू नकोस. प्रत्येक रंगात पाच साइझ म्हणजे तीस गठ्ठे, आणि पहिले संपणार एम आणि एल. बाकी घरात, तुझ्या आईच्या दिवाणाखाली. कोरा आणि कोळशासारखा काळपट राखी, हे दोनच घे. झुडिओच्या रॅकशी भावात भांडायला जाऊ नकोस, तिथे तू हरशील. कॉलेजमधल्या मुलींनाही घालून बघायला दे, निम्मं गिऱ्हाईक तिकडून येईल असं मला वाटतं. बाही त्यांच्या कोपराखाली उतरते का, तेवढं पाहा.

धुतलेला पीस परत पाठवतोय, पाठीच्या भोकासकट. त्याच लॉटचा न धुतलेला एक शेजारी ठेव आणि दुपारी बारा वाजता गच्चीवर ने. मास्टरलाही वर बोलव.

बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका